व्हिसा नाकारला, आता पुढे काय? ब्रिटनच्या 'स्किल्ड वर्कर' नकारपत्राचं वाचन

मागच्या व्याख्यानात आपण ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसाचा अर्ज कसा उभा राहतो ते पाहिलं. त्यानंतर आलेले बरेचसे प्रश्न एकाच धाटणीचे होते. अर्ज केला, नकार आला, आता काय करू? काहींनी तर नकारपत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी नवा अर्ज भरूनही टाकला होता. काही जण 'अपील' करायच्या तयारीत होते. म्हणून आजचा तास आपण फक्त या एका प्रश्नाला देणार आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो. या मार्गावर ज्याला कायद्याच्या भाषेत अपील म्हणतात, म्हणजे न्यायाधिकरणापुढे जाऊन पुरावे मांडायचे आणि न्यायाधीशाने निकाल द्यायचा, ते सर्वसाधारणपणे उपलब्धच नाही. २०१४च्या इमिग्रेशन ॲक्टने अपिलाचा हक्क मानवी हक्क आणि आश्रय यांच्याशी निगडित निर्णयांपुरता ठेवला. नोकरीच्या व्हिसासाठी त्या जागी जे आलं त्याचं नाव ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू. आपण त्याला फेरतपासणी म्हणू. नाव भारदस्त आहे, पण काम मर्यादित आहे. होम ऑफिसचाच दुसरा अधिकारी पहिल्या अधिकाऱ्याचा निर्णय तपासतो, एवढंच. ही मर्यादा नीट कळली की पुढचं बरंच सोपं होतं.

मग नकारानंतर वाटा किती? ढोबळमानाने तीन. एक, फेरतपासणी. दोन, नवा अर्ज. तीन, न्यायालयात ज्युडिशियल रिव्ह्यू. लोक विचारतात, यातली चांगली कोणती? आमच्या मते हा प्रश्नच उलटा आहे. आधी हे ठरवावं लागतं की चूक कुठे आहे: त्यांच्या निर्णयात, की आपल्या फाइलमध्ये? या दोन चुकांची दारं वेगळी आहेत. चुकीच्या दारावर थाप मारली तर दार उघडत नाहीच, वर तेवढ्या वेळात दुसरं दार बंद होतं.

तर नकारपत्र हातात घ्या. बहुतेकांना ते ईमेलने येतं आणि बहुतेक जण फोनवर वाचतात. तसं करू नका. छापून घ्या, पेन घ्या. स्किल्ड वर्करला एकूण ७० गुण लागतात. त्यातले ५० अनिवार्य: स्पॉन्सरशिपचे २०, नोकरीच्या कौशल्यपातळीचे २०, इंग्रजीचे १०. उरलेले २० पगाराचे. पत्रात कोणत्या सदरात गुण दिले आणि कुठे शून्य दिलं हे लिहिलेलं असतं. इथे एक गंमत होते, म्हणजे गंमत कसली, धडकीच भरते. तीन ठिकाणी शून्य दिसतं आणि माणसाला वाटतं आपलं सगळंच चुकलं. प्रत्यक्षात कारण एकच असू शकतं. स्पॉन्सरशिपचे गुण गेले की त्या नोकरीवर अवलंबून असलेले बाकीचे गुणही ओघानेच जातात. म्हणून शून्यं मोजू नका, कारणं मोजा. प्रत्येक कारणाच्या समासात लिहा: हे विधान खरं आहे की खोटं? आणि ते खोटं आहे हे दाखवणारा कागद मी मूळ अर्जासोबत दिला होता का?

हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. फेरतपासणीत नवे पुरावे सहसा बघत नाहीत. अधिकाऱ्यापुढे त्या दिवशी जे होतं, त्यावर त्याने नियम बरोबर लावला का, एवढंच तपासतात. तिथल्या भाषेत याला 'केसवर्किंग एरर' म्हणतात.

उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातला एक सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. खर्चासाठी पैसे आहेत हे दाखवायला १,२७० पौंड सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. पण कंपनी ए-रेटेड स्पॉन्सर असेल तर ती सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपवर, म्हणजे आपण ज्याला सीओएस म्हणतो त्यावर, पहिल्या महिन्याची हमी घेऊ शकते. या मुलाच्या कंपनीने हमी घेतली होती, सीओएसवर तशी नोंद होती. तरी पत्रात आलं की बँक स्टेटमेंट जोडलं नाही म्हणून नकार. आता ही चूक कोणाची? उघडच निर्णयाची. नोंद त्यांच्याच संगणकात होती. इथे फेरतपासणी हेच योग्य दार. शुल्क ८० पौंड, आणि भारतातून अर्ज केला असेल तर निर्णय मिळाल्यापासून २८ दिवसांची मुदत. लिहिताना दोन परिच्छेद पुरतात: अमुक नियम, अमुक नोंद, ती विचारात घेतली नाही. आपण किती मेहनती आहोत, आईवडिलांनी किती कर्ज काढलं, हे तिथे लिहून उपयोग नाही. वाईट वाटतं ऐकायला, पण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर काही करताच येत नाही.

आता दुसरं उदाहरण, आपल्याकडचं अगदी खास. सांगलीची किंवा नगरची एखादी मुलगी आहे, पैसे रीतसर आहेत, २८ काय ऐंशी दिवस पडून आहेत. पण ते आहेत गावच्या पतसंस्थेत. नियम काय म्हणतो? पैसे अशा संस्थेत हवेत की जिची पडताळणी होऊ शकते, जी त्या देशाच्या योग्य नियामकाच्या देखरेखीखाली आहे आणि जिच्या नोंदी इलेक्ट्रॉनिक आहेत. आपली पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते. ती रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची बँक नव्हे. तिच्या पासबुकावर नकार आला तर तो अन्याय वाटेल, पण चूक म्हणता येणार नाही. तसंच आयईएलटीएसचं. साधी अकॅडेमिक आयईएलटीएस दिली, गुण उत्तम आले, पण व्हिसासाठी मान्यता असलेली 'फॉर यूकेव्हीआय' परीक्षा ती नव्हे. किंवा २८ दिवसांत एका दिवशी गॅसचं, विजेचं बिल ऑटो-डेबिट झालं आणि शिल्लक मर्यादेच्या खाली गेली. रुपयांतली रक्कम पौंडात मोजताना अर्जाच्या तारखेचा दर धरतात, तेव्हा अगदी काठावर पैसे ठेवणाऱ्याचं असंही होतं.

या सगळ्यात निर्णय बरोबर आहे आणि फाइल कच्ची आहे. इथे फेरतपासणीला जाणं म्हणजे ८० पौंड आणि कित्येक महिने घालवणं. दार दुसरं: नवा अर्ज. स्किल्ड वर्करमध्ये साध्या नकारानंतर अमुक दिवस थांबावं लागतं असा नियम नाही. कच्चा दुवा पक्का झाला की अर्ज करता येतो.

मात्र 'नवा अर्ज' हे शब्द उच्चारायला जितके सोपे तितकं काम सोपं नाही, कारण सीओएस एकदाच वापरता येतं. ते नकाराच्या अर्जात खर्ची पडलेलं असतं. म्हणजे कंपनीने नवं सीओएस द्यायला हवं. सीओएसचं शुल्क एप्रिल २०२५पासून २३९वरून ५२५ पौंड झालं आहे, आणि परदेशातल्या माणसासाठी कंपनीला ते नव्याने मागून घ्यावं लागतं. तेव्हा नकारपत्र आल्यावर पहिला फोन एजंटला नव्हे, कंपनीच्या एचआरला. लाजेखातर लोक हा फोन आठ-आठ दिवस टाळतात, आणि इकडे जॉइनिंगची तारीख जवळ येते. एचआरला विचारायचे प्रश्न साधे आहेत. तुम्ही माझ्यासाठी थांबायला तयार आहात का? किती दिवस? नवं सीओएस द्याल का? या उत्तरांवर तुमचा निम्मा निर्णय ठरतो. अर्जाचं शुल्क परत मिळत नाही. एप्रिल २०२५च्या दराने भारतातून तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाला ते ७६९ पौंड आहे, त्याहून अधिक काळासाठी १,५१९. आरोग्य अधिभार, वर्षाला १,०३५ पौंड, नकारानंतर परत येतो. पाच वर्षांचे ५,१७५ पौंड भरलेले असतील तर ती रक्कम जमा झाली का यावर लक्ष ठेवा. पुढच्या अर्जाचं भांडवल तेच असतं.

आणखी एक मुद्दा, जो आम्हाला सगळ्यात जास्त दुर्लक्षित वाटतो. नवा अर्ज हा नव्या तारखेचा अर्ज असतो, आणि त्या तारखेचे नियम त्याला लागतात. २२ जुलै २०२५ला काय झालं ते आठवा. कौशल्याची किमान पातळी पदवीच्या स्तरावर गेली, सर्वसाधारण पगाराची मर्यादा ३८,७०० वरून ४१,७०० पौंड झाली, परदेशातून केअर वर्कर आणणं बंद झालं. ८ जानेवारी २०२६पासून नव्या अर्जदारांसाठी इंग्रजीची पातळी बी१ वरून बी२ झाली. आता समजा एखाद्याचा अर्ज जुलैच्या आधीचा, नोकरी जुन्या यादीतली, आणि नकार नंतर आला. त्याने घाईने नवा अर्ज केला तर तो नव्या नियमांत बसतच नाही. त्याच्यासाठी जुना अर्ज जिवंत ठेवणं हाच एक मार्ग, आणि तो फेरतपासणीतूनच जातो. दार तेच, पण माणसागणिक त्याची किंमत बदलते, ती अशी.

दोन्ही वाटा एकदम चालता येतात का? नाही. फेरतपासणी चालू असताना नवा अर्ज केला की फेरतपासणी मागे घेतली असं धरतात. त्यामुळे 'खडा टाकून पाहू' म्हणून दोन्हीकडे अर्ज करणाऱ्याच्या हातात शेवटी एकच राहतं, आणि कोणतं राहील ते त्याने निवडलेलं नसतं.

आता अवघड भागाकडे येऊ. वरची दोन उदाहरणं सरळ होती. पण अलीकडच्या काळात, विशेषतः केअर क्षेत्रातल्या अर्जांत, ज्याने घोळ झाला ते कारण म्हणजे 'जेन्युइन व्हेकन्सी'. नियम असा की नोकरी अस्तित्वातच नाही, ती दिखाऊ आहे, किंवा मुख्यतः या माणसाला व्हिसा मिळावा म्हणूनच निर्माण केली आहे, असं मानायला अधिकाऱ्याकडे वाजवी कारण असता कामा नये. पत्रात वाक्य असतं, 'आय ॲम नॉट सॅटिस्फाइड'. माझं समाधान झालेलं नाही. इथे चूक कोणाची? झटकन सांगता येत नाही. बऱ्याचदा अधिकाऱ्याने मुलाखत घेतलेली असते. कामाच्या वेळा काय, वरिष्ठ कोण, किती रुग्ण, असं विचारलेलं असतं. अर्जदार अडखळतो, कारण सीओएसवरचं कामाचं वर्णन कुठल्यातरी सरकारी यादीतून जसंच्या तसं उचललेलं असतं आणि त्याने ते कधी वाचलेलंच नसतं.

अशा वेळी पत्रातली वाक्यं दोन रंगांत वेगळी करावीत. एका रंगात तथ्यं: 'अर्जदाराने आठवड्याचे तास सांगितले नाहीत.' दुसऱ्या रंगात अनुमानं: 'त्यामुळे नोकरी खरी वाटत नाही.' तथ्यच चुकीचं असेल, म्हणजे मुलाखतीत तुम्ही तास सांगितले होते आणि पत्र म्हणतं सांगितले नाहीत, तर फेरतपासणीला धार येते. मुलाखतीची नोंद मागवता येते. आपल्याविषयीची माहिती मागण्याचा तो हक्क आहे, त्याला सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, शुल्क नाही, आणि उत्तराला साधारण एक महिना धरलेला आहे. हिशेब लक्षात आला ना? फेरतपासणीची मुदत २८ दिवस आणि नोंद यायला महिना. म्हणून विनंती पहिल्याच दिवशी पाठवायची, आणि मुलाखतीत काय काय विचारलं ते आठवून त्याच संध्याकाळी लिहून ठेवायचं. पण तथ्यं बरोबर आणि नुसतं अनुमान कठोर असेल, तर 'आम्हाला तसं वाटत नाही' एवढ्याने दुसरा अधिकारी पहिल्याला क्वचितच खोडतो. मग नवा अर्ज, आणि त्यात कंपनीकडून ठोस कागद: कामाचं वेळापत्रक, हे पद का रिकामं झालं, हाताखाली-वर कोण, सेवा कोणाला देतात त्याचे करार. हे कागद द्यायला कंपनी टाळाटाळ करू लागली, तर मग अधिकाऱ्याची शंका तुम्हीसुद्धा गांभीर्याने घ्या. स्पष्ट बोलतो, कारण पुढे नुकसान तुमचंच आहे.

इथे एजंटांचा विषय ओघाने येतोच. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट आपल्याकडे १९८३च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदलेला असावा लागतो, आणि त्याने घ्यायच्या सेवाशुल्कालाही मर्यादा आहे: ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते. ब्रिटनकडे ३१ डिसेंबर २०२४पासून स्किल्ड वर्करच्या सीओएसचं शुल्क कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. तरीही सीओएससाठी म्हणून लाखो रुपये मागितले जातात, हे आपण सगळे ऐकतो. असा व्यवहार झालेला असेल तर नकारानंतर तोच एजंट 'दुसरं सीओएस काढून देतो' म्हणत येतो. त्याला आणखी पैसे देण्याआधी होम ऑफिसची परवानाधारक स्पॉन्सरांची यादी उघडा. ती जाहीर आहे, कोणालाही बघता येते. कंपनीचं नाव त्यात आज आहे का? महिन्यापूर्वी होतं, याला अर्थ नाही.

कंपनीचा परवानाच गेला तर काय होतं, याचं एक उदाहरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ते जरा सविस्तर बघू, कारण आपण बोलतोय त्या दारांचा फरक त्यात स्वच्छ दिसतो. खटला पठाण यांचा, निकाल ऑक्टोबर २०२०चा. ते भारतीय नागरिक, ब्रिटनमध्येच टिअर टू जनरल व्हिसावर काम करत होते. आजच्या स्किल्ड वर्करचा तो आधीचा अवतार, १ डिसेंबर २०२०पासून त्याची जागा स्किल्ड वर्करने घेतली. व्हिसा संपण्याआधी त्यांनी २०१५मध्ये मुदतवाढीचा अर्ज केला. अर्ज पडून होता. मार्च २०१६मध्ये त्यांच्या कंपनीचा स्पॉन्सर परवाना रद्द झाला. त्यांना कोणी कळवलं नाही. जूनमध्ये थेट नकार आला: तुमच्याकडे वैध सीओएस नाही. त्यांनी फेरतपासणी मागितली. ती फेटाळली गेली, आणि आपण पाहिलेल्या कसोटीवर ती फेटाळली जाणारच होती. परवाना खरोखरच नव्हता, सीओएस खरोखरच बाद होतं. अधिकाऱ्याने नियम चुकीचा लावला असं काही दाखवता येईना.

मग चूक कुठे होती? मधल्या तीन महिन्यांत. होम ऑफिसला माहीत होतं, अर्जदाराला नव्हतं. कळलं असतं तर त्या काळात दुसरी कंपनी शोधणं, दुसरा अर्ज करणं, निदान निघायची तयारी करणं शक्य होतं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ताबडतोब न कळवणं ही प्रक्रियेतली अन्याय्यता आहे, आणि अपील मंजूर केलं. परवाना गेल्यावर अर्जदाराला ठरावीक मुदत द्यायलाच हवी, ही मागणी मात्र न्यायालयाने मान्य केली नाही. म्हणजे हक्क मिळाला तो कळवलं जाण्याचा, वेळ मिळण्याचा नव्हे. आणि हे मिळायला नकारापासून चार वर्षं लागली.

ज्युडिशियल रिव्ह्यूचं दार हे असं आहे. निर्णय कायदेशीर आणि न्याय्य रीतीने घेतला गेला का, एवढं न्यायालय बघतं. व्हिसा द्यावा की नाही हे ते तुमच्यासाठी ठरवत नाही. मुदत लवकरात लवकर, आणि जास्तीत जास्त तीन महिने. त्याआधी होम ऑफिसला रीतसर पूर्वसूचनेचं पत्र द्यावं लागतं, आणि फेरतपासणी उपलब्ध असेल तर ती आधी वापरलेली असावी लागते. हरलात तर समोरच्याचा खर्चही अंगावर येऊ शकतो. नुसतं पूर्वसूचनेचं पत्र गेल्यावर होम ऑफिस कधी कधी निर्णय पुन्हा बघायला तयार होतं, तेवढ्यासाठी चांगल्या वकिलाचं पत्र उपयोगी पडू शकतं. पण पतसंस्थेच्या पासबुकासाठी कोणी तिथे जाऊ नये.

आता शेवटचा प्रकार, आणि याबाबतीत आमचं मत ठाम आहे. पत्रात 'फॉल्स' किंवा 'डिसेप्शन' हा शब्द दिसला तर वर सांगितलेलं सगळं बाजूला ठेवा. नवा अर्ज करायचा नाही. आजही नाही, पुढच्या महिन्यातही नाही, जोपर्यंत त्या शब्दाचं काहीतरी होत नाही. का? कारण हा नकार एका अर्जापुरता नसतो, तो माणसाला चिकटतो. अर्जात फसवणूक केली असं ठरलं तर पुढचे अर्ज दहा वर्षांपर्यंत त्याच कारणाने नाकारले जाऊ शकतात. तुम्ही तो निष्कर्ष तसाच सोडून नवा अर्ज केलात, तर नवा अधिकारी जुनं पत्र उघडतो आणि तुम्ही त्या आरोपाला हरकत घेतली नाही हे त्याला दिसतं.

दोन गोष्टी इथे वेगळ्या करायला हव्यात. खोटा कागद आणि खोटेपणा. एजंटने तुमच्या नावाने अनुभवाचं बनावट पत्र जोडलं, तुम्हाला पत्ताच नाही, तरी कागद खोटा म्हणून अर्ज नाकारता येतो. पण दहा वर्षांचा शिक्का बसण्यासाठी फसवणूक लागते, आणि फसवणुकीत अप्रामाणिकपणा अभिप्रेत आहे; नुसती चुकीची तारीख किंवा टायपिंगची चूक म्हणजे फसवणूक नव्हे. तिथल्या अपील न्यायालयाने २०१९च्या बालाजीगारी निकालात, करविवरण आणि व्हिसा अर्ज यांतल्या उत्पन्नाच्या तफावतींवरून कुशल स्थलांतरितांवर अप्रामाणिकपणाचे ठपके आले होते त्या प्रकरणांत, असंही म्हटलं की असा ठपका ठेवण्याआधी माणसाला आपली बाजू मांडायची संधी द्यायला हवी. तेव्हा अशा पत्रावर फेरतपासणी मुदतीत मागायची, आपला खुलासा तारखांसह लिहायचा, आणि हे काम स्वतः न करता तिथल्या सॉलिसिटरकडे किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेल्या सल्लागाराकडे द्यायचं. एरवी आम्ही 'वकील लागेलच असं नाही' म्हणतो. इथे लागेल.

जे ब्रिटनमध्ये राहूनच अर्ज करतात त्यांच्यासाठी थोडक्यात: फेरतपासणीची मुदत २८ नव्हे, १४ दिवस. ती मुदतीत मागितली आणि मूळ अर्ज जुना व्हिसा संपण्याआधीचा असेल तर निकाल लागेपर्यंत तुमचा राहण्याचा हक्क चालू राहतो. पण तेवढ्यात भारतात येऊन गेलात तर फेरतपासणी मागे घेतली असं धरतात. घरी लग्न असो की आजारपण. तिकीट काढण्याआधी विचारा.

आता आलेल्या चिठ्ठ्यांपैकी काही घेतो.

एक प्रश्न असा आहे की इथल्या नोकरीचा राजीनामा दिला आहे, नव्वद दिवसांच्या नोटिशीतले पन्नास दिवस गेलेत, आणि नकार आलाय. खरं तर व्हिसा हातात आल्यावरच राजीनामा द्यावा, पण ते आता सांगून काय उपयोग. पन्नास गेले म्हणजे चाळीस उरलेत. फेरतपासणीला कित्येक महिने लागतात, तेव्हा ती वाट धरलीत तर ही नोकरी सुटल्यानंतरचाच काळ धरून चाला. कारण साधं असेल, कागदाचं, आणि तिकडची कंपनी नवं सीओएस देत असेल तर त्या चाळीस दिवसांत नवा अर्ज जाऊ शकतो. नव्या सीओएसचीही मुदत असते, मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो. आणि क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र सहा महिनेच चालतं, त्याची तारीख आजच बघून ठेवा. इकडच्या मॅनेजरला राजीनामा मागे घेता येईल का किंवा तारीख पुढे नेता येईल का, हे आजच विचारा. विचारायला संकोच वाटेल, पण चाळिसाव्या दिवशी विचारण्यापेक्षा आज बरं.

दुसरी चिठ्ठी: 'नकार आला हे पुढच्या अर्जात लिहिलंच पाहिजे का? एजंट म्हणतो गरज नाही.' लिहिलंच पाहिजे. ब्रिटनच्या अर्जात, कॅनडाच्या, ऑस्ट्रेलियाच्या अर्जात, कुठल्याही देशाने पूर्वी व्हिसा नाकारला का असा प्रश्न असतो, आणि हे देश आपसात माहितीची देवाणघेवाण करतात. कागद अपुरा होता म्हणून आलेला नकार लिहिला तर बहुतेक वेळा एका ओळीच्या खुलाशावर भागतं. लपवला आणि सापडला तर तो साध्या नकाराचा फसवणुकीचा नकार होतो. म्हणजे शंभराचं देणं लपवायला आपणच लाखाचं कर्ज काढायचं.

आणि ही शेवटची, एका वडिलांची आहे. 'मुलीला नकार आलाय, तिने पत्र आम्हाला दाखवलंच नाही, नुसती म्हणते परत अर्ज करते. काय करावं?' काका, पत्र मागून घ्या, पण रागावून नको. तारीख बघा, आणि त्या तारखेपासून २८ दिवस कॅलेंडरवर मोजा. मग पत्रात आम्ही सांगितलेले ते दोन शब्द आहेत का बघा. नसतील तर तिला तिच्या पद्धतीने करू द्या, तिला कदाचित नेमकं काय राहिलं ते कळलेलं असेल. असतील तर तिने नवा अर्ज भरायच्या आत आम्हाला लिहा.